बुळबुळीची वाटी

माझी वहिनी इस्त्रीवाली. मोठ्या धुलाईघरात उभं आयुष्य काढलं तिनं, हॉटेलांच्या चादरी आणि दवाखान्यांचे पडदे सरळ करण्यात. बोलणं मोजकं, हात मात्र सतत चालू. माझं नेमकं उलटं. मी शिवणकाम करते, आणि माझं तोंड माझ्या मशीनपेक्षा जोरात चालतं, असं माझा दादाच म्हणायचा. म्हणायचा म्हणजे, बोलता येत होतं तोवर.

त्या धुलाईघराच्या मागं एक गटार आहे. त्यातून गरम पाणी वाहतं, म्हणून त्याच्या कडेला सदा हिरवं असायचं. तिथंच वहिनीला तो पाला दिसला. लांबट पान, कडेला बारीक दाते, आणि देठाजवळ दोन केसासारख्या शेपट्या. लोक त्यावरून सायकली घालत होते. वहिनी खाली बसली, पान खुडलं, बोटांत चुरडलं आणि बोटं वेगळी केली तर मधे तार धरली. तिच्या माहेरी हा पाला खायचे, म्हणून तिला ओळख. नाव विचारलं तर म्हणाली, आम्ही नुसतं पाला म्हणायचो. आमच्याकडं येऊन त्याचं नाव पडलं बुळबुळी. ठेवलं अर्थातच दादानं.

गटारावरचं घरात नको, म्हणून तिनं बी जमवलं आणि गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी लावलं. एक फुटकं बेसिन आणि रंगाचे रिकामे डबे, एवढीच काय ती बाग. बी महाहट्टी. नुसतं पेरलं तर मातीत ढिम्म पडून राहतं. वहिनी ते फडक्यात बांधून इस्त्रीच्या वाफेवर धरायची, मग कोमट पाण्यात टाकायची, तेव्हा कुठं साहेबांना जाग यायची. एकदा उगवलं की मात्र खुडाल तितकं फुटतं. फक्त शेंगा धरायला लागल्या की पान राठ होतं, देठात दोरे येतात. बाजारात ही भाजी कुणी विकत नाही, कारण कुणाला ती भाजी आहे हेच ठाऊक नाही. पुढं त्या गटारावरही फरशा घातल्या, तेव्हा आमच्या ओळखीत ती फक्त आमच्या गच्चीवर उरली.

पहिल्यांदा तिनं ती शिजवली तेव्हा मी जेवायला होते. दादानं चमचा उचलला, त्याच्याबरोबर वाटीतून लांबलचक हिरवी तार वर आली. त्यानं चमचा तसाच हवेत धरला आणि म्हणाला, "हे काय गं? शेंबूड शिजवलास का?" तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, सतत ग्रीसमधे हात, पण ताटात चिकट काही दिसलं की याला शिसारी. सगळे खो खो हसलो. वहिनी पण हसली आणि वाटी उचलून आत घेऊन गेली.

पुढच्या खेपेला भाजी आली ती कोरडी, खुटखुटीत. ती बुळबुळ मारायला शिकली होती. पानं धुवायची, इस्त्रीच्या दोन टॉवेलांमधे घालून पार कोरडी करायची, मोठी मोठी चिरायची, लोखंडी तव्यावर झाकण न ठेवता परतायची आणि उतरवताना वर लिंबू पिळायचं. लिंबू पडलं की तार तुटते. दादा बोटं चाटून जेवला. तेव्हापासून आमच्या घरात बुळबुळी म्हणजे ही अशीच. गंमत बघा, नाव बुळबुळी आणि बुळबुळीचा मागमूस नाही. शेजारणी मूठभर पाला न्यायला आणि रीत विचारायला यायच्या तेव्हा वहिनी शेवटी बजावायची, "लिंबू विसरू नका."

मग दादाला झटका आला. एका इमारतीत लिफ्टच्या खोलीतच कोसळला. डावी बाजू लुळी, वाचा गेली, आणि जे आम्हाला आधी कळलंच नाही, गिळणं गेलं. पाण्याचा घोट दिला की तो पोटात जायच्या ऐवजी छातीत उतरायचा. एकदा दूध असंच उतरलं आणि तापानं फणफणला. नाकातून नळी घातली. ती त्यानं चांगल्या हातानं उपसून काढली. परत घातली, परत उपसली. हाताला मोजा बांधून पट्टीनं पलंगाला बांधलं, तर रात्रंदिवस त्या पट्टीशी झुंजत राहिला. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, तोंडानं गिळता येत नसेल तर आता पोटाला भोक पाडून नळी बसवावी लागेल. दादानं ते ऐकलं आणि मान अशी हलवली, अशी हलवली, की उशी खाली पडली. नको म्हणजे नको. आणि मी त्याची सख्खी बहीण आहे, मला ती मान माहीत आहे. हा माणूस ती नळीही उपसून काढणार आणि उपाशी मरणार. मला दिसत होतं ते.

गिळायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या दवाखान्यात. नाव काय ते माहीत नाही, आम्ही त्यांना गिळण्याच्या बाई म्हणायचो. तरुण, शांत, कामात पक्क्या. त्यांनी पाण्यात कसलीशी पावडर कालवून घट्ट केलेलं काही काही भरवून बघितलं. दादा दात घट्ट मिटायचा. चुकून आत गेलंच तर थुंकायचा. बाई वहिनीला बाहेर घेऊन आल्या.

"त्यांना गिळता येईल असं मला वाटतं," त्या म्हणाल्या, "पण ते तोंडच उघडत नाहीत, मग मी ठरवू कशावरून? उद्या सकाळी शेवटची परीक्षा. नाही जमलं तर परवा पोटाची नळी, मला थांबवता येणार नाही. घरचं काही आणा, त्यांच्या ओळखीचं. पण ऐका नीट. पाणी वेगळं आणि चोथा वेगळा, असं चालणार नाही. एकजीव पाहिजे. गाठ नको, दोरा नको. चमचा कलता केला की सगळं एका गोळ्यात हळू सरकलं पाहिजे."

वहिनीनं माझ्याकडं बघितलं. आम्ही दोघी एकदमच म्हणालो, "बुळबुळी."

बाईंनी कपाळाला आठ्या न घालता सगळं विचारून घेतलं. पान कसलं, आधी खाल्लेलं आहे का, सोसतं का. मग म्हणाल्या, "आणा. मी आधी वाटीत तपासेन, मगच देईन."

सकाळी मी वहिनीकडं पोचले तेव्हा ती गच्चीवरून उतरत होती. ओच्यात पाला. डबे सगळे खुडून झाले होते, कोवळं म्हणून जेवढं होतं तेवढं सगळं. त्या दिवसांत रोपं संपायला आलेली. बेसिनमधली तेवढी तिनं सोडली होती, कारण त्यांना शेंगा धरल्या होत्या, अजून हिरव्या. ते पुढच्या वर्षाचं बी.

तिनं पाला बारीक चिरला, इतका बारीक की विळीवरच तार सुटायला लागली. पातेल्यात झाकण ठेवून शिजवला, घोटला. मी चमचा घालून कलता करून बघितला, आणि आई शपथ, बाईंनी सांगितलं होतं तस्संच, एका गोळ्यात, हळू. माझा जीव भांड्यात पडला. "झालं गं वहिनी! जिंकलं!"

तेवढ्यात लेकीचा फोन आला. दादाची एकुलती एक लेक, दूर असते, तिला रजा मिळेना, तिकडं रडून रडून अर्धी झालेली. वहिनीनं फोन खांद्यात धरला. "हो गं, शिजली. हो, अगदी छान झालीय. आत्ता निघतोच. तू जेवलीस का?" आणि बोलता बोलता तिनं गॅस बंद केला, ओट्यावरचं अर्धं लिंबू उचललं आणि पातेल्यात पिळलं.

मी बघत होते. डोळ्यांसमोर झालं, आणि मला ओरडायलासुद्धा सुचलं नाही, कारण मलाही ते रोजचंच वाटलं! उतरवताना वर लिंबू. एवढी वर्षं बघितलंय.

वहिनीनं डाव घातला. हिरवं पाणी एकीकडं झालं आणि चोथा एकीकडं. तिनं परत डाव फिरवला. फोनमधून लेक "आई? आई?" करत होती. वहिनीनं फोन ओट्यावर ठेवला.

"माझ्या हातानं," ती म्हणाली. "वन्सं, माझ्या हातानं केलं मी हे."

"अगं घोट परत, येईल घट्ट," मी म्हणाले. घोटलं. पीठ घातलं, तर गाठी झाल्या. गाळलं, तर राहिलं नुसतं पाणी. त्या माणसाच्या छातीत उतरून त्याला मारेल नेमकं तसलं पाणी. मी तोंड उघडलं ते बंद करेना. लिंबाला शिव्या दिल्या, ते ओट्यावर ठेवणारीला शिव्या दिल्या, लेकीच्या फोनला दिल्या. वहिनीनं कात्री घेतली आणि गच्चीचा जिना चढायला लागली.

"कुठं चाललीस?"

"बेसिनमधली कापते."

"अगं ते बी आहे! ते गेलं तर संपलं सगळं. आणि ती पानं दोराळ झालीत, तूच म्हणालीस. बाईंनी दोरा नको म्हणून सांगितलंय. अडकलं घशात तर?"

ती जिन्यात थांबली. मागं न बघता म्हणाली, "मग दुसरं काय करू? सांगा. तुम्हाला सगळं सांगता येतं ना? सांगा की."

एवढ्या वर्षांत ती मला असं कधी बोलली नव्हती. मी तिच्यामागं गेले आणि फांद्या धरल्या. एकेक पान खुडायला वेळ नव्हता, तिनं शेंगांसकट सगळं कापलं.

ती पानं शिजता शिजेनात. घड्याळाकडं बघायचं नाही असं ठरवून दोघी दर मिनिटाला बघत होतो. शिजली ती खलात कुटली. तार भरपूर, पण सबंध लगद्यात केसांसारखे दोरे. चाळणीतून गाळलं तर चाळणी तुंबली. फडक्यातून गाळलं तर फडकं फाटलं. वहिनी आत गेली आणि कपाटातून इस्त्रीचं मलमल घेऊन आली, रेशमी कपड्यावर पसरून वरून इस्त्री फिरवतात ते, कोरं, घडी न मोडलेलं. उकळत्या पाण्यातून काढलं, त्यात लगदा ओतला.

"त्या टोकाला धरा," ती म्हणाली. "मोठी चादर पिळतो तसं. तुम्ही उजवीकडं, मी डावीकडं. झटका द्यायचा नाही."

पिळत गेलो. हात भाजत होते. आधी काहीच येईना. मग मलमलीच्या बाहेर हिरवा थेंब फुटला, लोंबला, लांबला आणि तुटेना. वाटीत जाऊन बसला, मागून दुसरा. दोरे सगळे आत राहिले. जेमतेम वाटीभर निघालं. त्यात तिनं मीठ नाही घातलं, काही नाही घातलं. लिंबाची उरलेली फोड मी तिच्यासमोर खिडकीतून बाहेर भिरकावली.

टॅक्सीत डबा तिनं टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरला होता आणि त्याच्यावर दोन्ही हात. मी चालकाला हजार सूचना दिल्या. शेवटी तो म्हणाला, "बाई, तुम्ही चालवता का?"

गिळण्याच्या बाई थांबल्या होत्या. त्यांनी वाटीत चमचा घातला, कलता केला, बघितला. काट्यानं दाबून बघितलं. बोटांत घेऊन चोळलं, दोरा शोधला. मग एकच शब्द म्हणाल्या, "चालेल." दादाला टेकवून ताठ बसवलं, हनुवटी थोडी खाली. तोंडात काही अडकलं तर ओढून काढायचं मशीन शेजारी आणून ठेवलं. बाईंनी आपली बोटं दादाच्या गळ्यावर ठेवली.

"आता द्या. अर्धाच चमचा."

वहिनीनं चमचा वर उचलला आणि वाटीतून लांबलचक हिरवी तार वर आली.

दादानं ती बघितली. बघितली आणि ओठ गच्च मिटले. मान फिरवली.

"अहो, उघडा ना," वहिनी म्हणाली. "आपली बुळबुळी आहे."

त्यानं चांगल्या हातानं चमचा ढकलला. थोडं चादरीवर सांडलं. बाई म्हणाल्या, "घाई नको, जबरदस्ती करायची नाही." मी कोपऱ्यात उभी राहून तोंडात पदर कोंबला होता, नाहीतर मी काय बोलले असते देव जाणे.

वहिनीनं चमचा परत भरला. आणि ती बोलायला लागली. आवाज चढवला नाही, पण तसा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता.

"बघ इकडं," ती म्हणाली. दादाला ती आयुष्यात पहिल्यांदा अरे-तुरे करत होती. "बघ माझ्याकडं. लग्न झाल्यापासून तुझ्यासाठी हिची तार तोडत आले. धुतली, वाळवली, भाजली, लिंबू पिळलं. एवढी सवय झाली की आज सकाळी तुझ्या जिवावर बेतलं तरी हात लिंबाकडं गेला. माझा हात! पुढच्या वर्षाचं बी कापून आणलंय मी. आता गच्चीवर काडी नाही. शेंबूड तर शेंबूड. तू हा गिळणार आहेस. मला घरी एकटीला जायचं नाहीये, कळलं? मला नाही जायचं एकटीला."

दादा तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं तोंड उघडलं.

चमचा आत गेला. तो तोंड मिटून बसला. काही होईना. बाईंची बोटं गळ्यावर, डोळे त्याच्या तोंडावर. एका गालात फुगवटा आला. "गिळा," बाई म्हणाल्या, "जोर लावून." काही होईना. त्याच्या कपाळावर घाम आला. मला वाटलं, झालं, संपलं. आणि त्याचा घसा वर उचलला गेला आणि खाली आला.

"आ म्हणा."

"आ..." आवाज ओला आला. गुळण्या केल्यासारखा, म्हणजे घास अजून घशातच. बाईंचा चेहरा बदलला. त्यांनी दुसरा हात मशीनकडं नेला, पण बटण दाबलं नाही. "परत गिळा. काही न घेता, नुसतं गिळा." घसा परत हलला. "आता म्हणा."

"आ."

कोरडा. स्वच्छ. खोकला नाही, ठसका नाही.

दुसरा चमचा गेला. तिसरा गेला. दर वेळी दोनदा गिळायचं, असं बाईंनी शिकवलं. प्रत्येक चमच्यानंतर आ, आणि प्रत्येक आ कोरडा. शेवटी दादा दमला, डोकं मागं टेकलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "पुरे आज. पोटाच्या नळीचं मी आत्ताच जाऊन थांबवते. रोज थोडं थोडं वाढवू. हा पाला संपला तरी आता काळजी नाही, गिळतात हे दिसलं, पावडरीचंही जमवू आपण." आणि निघताना त्यांनी वहिनीच्या खांद्यावर हात ठेवला.

मी मग रडून घेतलं. चांगलं मोठ्यानं. पलीकडच्या पलंगावरचे लोक उठून बसले.

रडून वळले तर वहिनी पलंगाच्या कडेला टेकली होती. वाटीत तळाशी थोडी उरली होती. तिनं तोच चमचा घातला, वर उचलला, तार लांब होऊ दिली आणि खाल्ली. मग आणखी एक. मग चमचा बाजूला ठेवून बोटानं वाटी पुसून घ्यायला लागली. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता तिच्या.

"अगं उपाशी आहेस म्हणून हे कसलं खातेस?" मी म्हणाले. "थांब, खालून काहीतरी चांगलं आणते."

"चांगलंच आहे की," ती बोट चाटत म्हणाली. "मला अशीच आवडते. लहानपणापासून. माहेर सुटल्यापासून आज पहिल्यांदा खातेय."

एवढ्या वर्षांत तिच्या शेजारी बसून मी किती वेळा ती भाजी खाल्ली असेन. रीत विचारली, बी विचारलं, आणि तुला कशी आवडते हे मात्र मीही कधी विचारलं नाही, नवऱ्यानं नाही, लेकीनंही नाही.

दादा ऐकत होता. त्याचे डोळे उघडे होते आणि अर्धं तोंड वाकडं झालं होतं, हसतोय की रडतोय ते कळत नव्हतं. त्यानं चांगला हात चादरीवरून सरकवत सरकवत वाटीपाशी आणला आणि वाटी तिच्याकडं ढकलली.

"खातेय की," वहिनी म्हणाली. "अहो, खातेय. तुम्ही झोपा आता."